आजारी नसलेल्या बाईचा कागद

"लेखी द्या."

हे म्हणताना ती उजव्या हाताचं बोट काउंटरवर असं टेकवायची, जणू त्या बोटाखालीच माझी सही उमटणार आहे. आवाज चढलेला नाही, कपाळाला आठी नाही. फक्त बोट. मी खुर्चीत बसून त्या बोटाकडं बघायचो आणि मला घाम फुटायचा.

मंडळी, मी बारामतीतल्या एका दवाखान्यात सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरवर बसतो. कोण योजनेत बसतं आणि कोण बसत नाही, हे सांगणं माझं काम. तरुणपणी गावच्या जत्रेतल्या नाटकांत मी खलनायक करायचो. मिशा अस्सल होत्या. तो सराव नोकरीत इतका उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तिचं नाव मी सांगणार नाही. बावड्याकडची, पस्तिशीची, एवढं पुरे. नवरा उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याला एचआयव्ही, हिला नाही. हे 'नाही' टिकवायला तिला रोज एक गोळी घ्यावी लागे, आणि ती गोळी आमच्या योजनेतून मोफत मिळे. दर तीन महिन्यांनी ती एसटीनं यायची, रक्त तपासून घ्यायची आणि रिपोर्ट हातात आला की माझ्यासमोर दोन पेरू ठेवून म्हणायची, "भाऊसाहेब, पास!"

सुरुवातीलाच तिनं घोळ घातला. मी तिला गोळ्या दिल्याचे शिक्के मारायचं कार्ड दिलं होतं. पुढच्या वेळी ती ते कडक लॅमिनेशन करून घेऊन आली. मी शिक्का मारला. तिनं अंगठा फिरवला. शिक्का गायब.

"अहो ताई, आता शिक्का कुठं मारू? तुमच्या कपाळावर?"

"मारा की. कुंकवाशेजारी जागा हाय."

मी दुसरं कार्ड दिलं आणि रंगमंचावरच्या आवाजात दम भरला, "हे लॅमिनेट केलंत तर बघा!" तीन महिन्यांनी बघतो तर तेही लॅमिनेट! पण या वेळी झेरॉक्सवाल्याकडून तिनं शिक्क्यांच्या चौकटींपुरतं प्लास्टिक कापून घेतलं होतं. कार्डाला खिडकी! मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या लोकांना वाटलं, कुणाला तरी बक्षीस लागलं.

हा सोस कशापायी, असं एकदा विचारलं. तिनं पिशवीतली चिंधी दाखवावी तितक्या सहज सांगितलं, "ह्यांचा पयला रिपोर्ट शर्टाच्या खिशात व्हता. मला सांगायचं धाडस न्हाय झालं त्यांना. आन् मी शर्ट धुतला. कागदाचा लगदा झाला, भाऊसाहेब. मीच खिशातनं काढून टाकला तो. वरीसभर मला काय बी ठावं न्हाय."

वर्षभर! आणि तरीही ती पास झाली होती.

नवऱ्याला गोळ्या चालू होत्या, मग हिला वेगळी कशाला, असं आमच्याकडच्या शहाण्यांनीही विचारलं. त्यानं नियमित घेतल्या आणि रिपोर्ट चांगला राहिला, तर हिला धोका नाही, हे खरंच. पण गळिताच्या हंगामात तो आठ-आठ दिवस ट्रकवर. डोस चुकायचे, रिपोर्ट बिघडायचा. "दुसरी साधनं आहेत की," एक डॉक्टर म्हणाले.

"ती त्यांच्या हातात हायती, सायेब. गोळी माझ्या हातात हाय."

डॉक्टर चष्मा पुसू लागले.

मग वरून परिपत्रक आलं. यापुढे योजनेत फक्त निदान झालेल्या आजारावरचे उपचार. आजार होऊ नये म्हणून द्यायची औषधं बाद. कुठल्या तरी गार खोलीत कुणीतरी एक ओळ खोडली. त्या ओळीत ही बाई राहत होती, हे त्याला कोण सांगणार?

सांगायचं काम माझ्याकडं आलं. तिला, त्याला नव्हे.

"म्हंजे मला आजार झाल्यावर गोळ्या मिळणार?"

"हो. तेव्हा सगळं मोफत. तपासण्यासुद्धा."

"आन् होऊ न्हाय म्हणून?"

"त्याला आता योजनेत कोड नाही, ताई."

"मग मी काय करू? पयलं आजारी पडून येऊ?"

मी कॉम्प्युटरकडं बघितलं. कॉम्प्युटर चांगला असतो, तो माणसाकडं बघत नाही.

बोट टेकलं. "लेखी द्या."

मंडळी, पुढचं मी अभिमानानं सांगत नाही. लेखी द्यायची माझी छाती नव्हती. पहिल्या खेपेला म्हणालो, सर्व्हर डाऊन आहे. दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला गेले. साहेब आतच बसून चहा पीत होते. बशीचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. त्या दिवसांत मी तिच्यासाठी फोनही केले. एक संस्था ही गोळी मोफत वाटायची. संस्थेच्या यादीत धोका असलेल्यांचे सगळे प्रकार होते. लग्नाची बायको हा प्रकार नव्हता. दुकानात विकत मिळत होती, पण खुरपणीच्या मजुरीवर दर महिन्याला कोण घेणार?

तिसऱ्या खेपेला ती सकाळीच आली आणि बाकावर बसली. जेवणाची सुट्टी झाली, ती बसूनच. बावड्याची गाडी गेली, ती बसूनच. शेवटी मी कोरा कागद ओढला आणि लिहिलं : 'सदर महिला आजारी नसल्यामुळे, तिला आजार होऊ नये यासाठीचे औषध देता येत नाही. आजार झाल्यास औषध मोफत देण्यात येईल.' सही केली, शिक्का ठोकला.

"वाचून दावा."

मी खणखणीत आवाजात सुरुवात केली. भरलेल्या मैदानात कधी न अडखळलेला हा माणूस दुसऱ्या वाक्याला अडखळला. तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि थेट डेपोसमोरचं झेरॉक्सचं दुकान गाठलं.

महिन्याभरानं तपासणीला वरचे अधिकारी आले. केबिनमध्ये ही घुसली आणि तो चकाकता कागद त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. माझ्याकडं असं बघितलं, की मिशा अजून असत्या तर जळाल्या असत्या. मग शेरा मारायला पेन काढलं. पेन घसरलं. दुसरं काढलं, तेही घसरलं.

"बाई, यावर लिहिता येत नाही."

"म्हणून तर केलंय, सायेब. कुणी खाडाखोड करू न्हाय."

आमचे साहेब हसले. ती हसली नाही. "वर कळवतो," असं म्हणून अधिकारी जेवायला गेले. ते वर म्हणजे नेमकं कुठं, मला आजतागायत समजलेलं नाही. खाली मात्र लगेच कळवलं गेलं : असं लेखी का दिलं, याचा खुलासा मागणारी नोटीस मला आठ दिवसांत मिळाली. गोळी द्यायला कोड नव्हता, नोटिशीला होता! मी ती नोटीस लॅमिनेट करून काउंटरवर काचेखाली ठेवली. अजून आहे. या, बघायला या.

तिच्या डबीतली शेवटची गोळी त्याच आठवड्यात संपली. त्यानंतर ती आली नाही.

तीन महिन्यांनी तिचा नवरा आला. उंच, वाकलेला, हातात पिशवी. तिच्या बाकावर तिच्याच जागी बसला.

"माहेरी गेली, नरसिंहपूरकडं. पोरीला घिऊन," तो म्हणाला. "भांडली असती तर बरं वाटलं असतं, भाऊसाहेब. न्हाय भांडली. माझ्या महिन्याच्या गोळ्या वारावारी डबीत भरल्या, म्हणली, 'माझी गोळी बंद झाली, म्हणून मी दार बंद करतीय. तुमचा रिपोर्ट चांगला झाला की या. तोंडी नगं.'"

त्यानं पिशवीतून कार्ड काढलं. खिडकीचं. "हे तुमाला दिलंय." मग खाली बघत म्हणाला, "तुमी एक फोन कराल का? गोळी परत चालू झाली म्हणून सांगा. तुमचं ऐकंल ती."

"ऐकेल की. आणि मग काय म्हणेल?"

तो ओशाळून हसला. त्यानं बोट काउंटरवर टेकवलं, हुबेहूब तिच्यासारखं, आणि लगेच उचललं.

मी त्याचा नवा रिपोर्ट बघितला. आधीपेक्षा बरा होता. पुरेसा नव्हता. अजून किमान तीन महिने. त्यानं तो घेतला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात सरकवला.

"खिशात नको!"

मी एवढ्या जोरात ओरडलो, की अख्खी रांग वळली. त्यानं दचकून कागद बाहेर काढला, मांडीवर ठेवून तळहातानं घड्या सपाट केल्या आणि तो दोन्ही हातांत धरून रस्ता ओलांडू लागला, झेरॉक्सच्या दुकानाकडं.

तिचं कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. खिडकी उघडी, पुढची चौकट कोरी. शिक्का शेजारीच पडलेला असतो, आणि मला तो मारता येत नाही.