इथे कुणी हसणार नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या

जेवणाची सुट्टी झाली होती. डबा घेऊन मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये शिरले आणि माझाच आवाज माझ्या कानावर आला.

"माय फादर इज सॉल्ट."

मग हशा. फोनमधला वेगळा, टेबलावरचा वेगळा.

आमच्या पॅकिंगचीच माणसं होती. रोज एका पातेल्यातला चहा पिणारी. फोन होता आमच्या लाईनच्या सुपरवायझरच्या हातात. मला बघून त्याने तो लपवला नाही. माझ्याकडे वळवला.

"काय गो, तूच ना ही? बाप मीठ हाय तुझा? मग टाक की जरा कालवणात, अळणी झालंय आज."

स्क्रीनवर मीच. चेहरा पुसट केलेला. पण ओढणी माझी, हात माझे, बोलताना अडले की खांदा उडवायची खोड माझी. खाली पिवळी अक्षरं. 'तुमचंही असंच हसं होतं का? आजच प्रवेश घ्या.' आणि मॅडमच्या क्लासचं नाव.

मी डबा न उघडता परत मशीनवर गेले. पाळी संपेपर्यंत कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. लाज मला वाटत होती. मला!

आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून. बाप मिठागरात राबतो. मी रोह्याला कंपनीत. क्वालिटी खात्यात जागा निघाली होती. काम मला येत होतं, पण बाहेरचे पाहुणे आले की त्यांच्याशी इंग्रजीत बोलावं लागायचं. इंग्रजी वाचता यायचं, तोंड उघडत नव्हतं. म्हणून पहिल्या पाळीवरून परतताना पेणला उतरून क्लासला जायला लागले.

मॅडम पेणच्या. मोठं घर, घरात डॉक्टर, शिक्षण सगळं इंग्रजीतलं. पहिल्या दिवशी त्यांनी क्लासचं दार लावून घेतलं.

"चुका करा," त्या म्हणाल्या. "भरपूर चुका करा. इथे कुणी हसणार नाही."

आयुष्यात असं मला कुणी म्हटलं नव्हतं. शाळेत आमच्या बोलीला बाई नाक मुरडायच्या. इथे या माझा हात हातात घेऊन म्हणत होत्या, "बोल. तुझ्या वडिलांबद्दल बोल."

मी उभी राहिले. सांगायचं होतं, बाप मीठ पिकवतो. तोंडातून निघालं, बाप मीठ आहे. खरंच कुणी हसलं नाही. मॅडमनी ते फोनवर घेतलं. मला म्हणाल्या, "हे फक्त तुझ्यासाठी. काही महिन्यांनी बघशील, तेव्हा तुलाच फरक कळेल."

आणि फरक पडला. हे मी नाकारणार नाही. त्या बाईनेच मला बोलायला शिकवलं. म्हणून तर जास्त लागलं. परक्याने थुंकलं तर पुसता येतं.

त्या संध्याकाळी घरी गेले तर बाप ओट्यावर बसलेला. कुणीतरी त्यालाही दाखवलं होतं.

"ह्या माझ्याबद्दल हाय ना?" त्याने विचारलं.

"व्हय."

"मग लोका हसतान कशाला? मी काय वाईट काम करतो काय गो?"

 

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. मला वाटलं, त्यांना माहीत नसेल. क्लासमधल्या कुणीतरी परस्पर केलं असेल. त्या म्हणाल्या, "अगं, चेहरा ब्लर केलाय की! आणि तुमच्यात कोण एवढं मनाला लावून घेतं?"

तुमच्यात. हा शब्द मी लहानपणापासून ओळखते. आजपर्यंत तो या दारातून आत आला नव्हता, एवढंच.

मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आता तू छान बोलतेस. दुसरा व्हिडिओ काढू. आधी अशी, नंतर अशी. लोक पहिला विसरतील. फक्त एवढं म्हण, मॅडमनी मला आवाज दिला."

एकदा विकून झालं होतं. आता दुसऱ्यांदा.

त्या मला लगेच वर्गात घेऊन गेल्या. नवी बॅच समोर बसली होती. बहुतेक गावाकडच्याच पोरी, मांडीवर पर्स घट्ट धरलेल्या. मॅडमनी फोन स्टँडला लावला. खरं सांगते, क्षणभर वाटलं, बोलून टाकावं. कॅन्टीनमधली तोंडं बंद होतील. मग बापाचं तोंड आठवलं.

"धिस मॅडम टोल्ड मी, नोबडी विल लाफ," मी म्हणाले. "शी मेड द व्हिडिओ. शी सेल्स माय मिस्टेक. मॅडम, यू हॅज नो राइट."

"यू हॅव," ती सवयीने म्हणाली.

"येस. यू हॅव नो राइट."

मी पोरींकडे वळले. "शिका. पण आधी तो फोन बंद करायला सांगा, मग तोंड उघडा." एकही उठली नाही. मी एकटीच जिना उतरले.

तिने तो जाहिरातीचा व्हिडिओ काढून टाकला. पण लोकांच्या फोनमधून तो कोण काढणार? क्वालिटीची जागा दुसऱ्याला मिळाली. मुलाखतीत साहेब मला बघून ओठ दाबत होते, तेव्हाच मला कळलं होतं.

मी तिच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली आहे. माझ्या सहीने. तेव्हापासून घरी माणसं येतात. चांगल्या घरातली बाई आहे, म्हणतात. तुला शिकवलं तिने, म्हणतात. पोरीच्या जातीने एवढं ताणू नये, म्हणतात. परवा ती स्वतः आली. आमच्या ओट्यावर बसली, चहाही घेतला. म्हणाली, "मी सॉरी म्हणते. तू तक्रार मागे घे."

बाप माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "सॉरी म्हणा. म्हणायलाच हवं. तक्रार मागे घेणार नाय."