तिसऱ्या स्ट्राइकनंतर पळालेली माझी पोरगी
मंडळी, आज सोलापुरात शाळेच्या मुलींची सॉफ्टबॉल मॅच होती. शेवटचा डाव, गुण बरोबरीत, आमच्या दोघी आऊट. बॅटिंगला माझी दहावीतली श्रावणी आणि तिसऱ्या बेसवर तिची मैत्रीण.

तिसऱ्यांदाही बॉल हुकला, म्हणजे तिसरा स्ट्राइक. मला वाटलं, संपलं. तरी श्रावणी पहिल्या बेसकडे सुसाट पळाली!

मी ओरडलो, "अगं, आऊट झालीस की! कुटं पळतीस?"

पण कॅचरच्या हातून बॉल निसटला होता आणि अशा वेळी पळायची मुभा असते. पंचांनी तिला "सेफ" दिलं, तोवर मैत्रीण होम बेसवर पोचली आणि एक गुण मिळाला. आम्ही जिंकलो!

"पप्पा, आदी नियम शिका की," श्रावणी हसून म्हणाली. आमच्या गावी वळसंगला येईपर्यंत भेटेल त्याला मी तो नियम समजावून सांगत होतो.

तुमच्या लेकीनं तुम्हाला असं कधी शिकवलंय का?