कोरलईचे चार प्लगिन

बसा, चहा टाकलाय. पण आधीच बजावते, हसायचं नाही. मला अजून राग आहे. कोणावर आहे ते सगळं ऐकलंत की कळेल, आणि तेव्हा तुम्ही म्हणाल, सुमन, यात तुझी काय चूक? म्हणाल ना? म्हणायलाच पाहिजे.

तर आमच्या नागावात हल्ली नारळाची झाडं कमी आणि कॉटेजं जास्त झालीत. आमच्या शेजारच्या मंजुळावयनींनीसुद्धा वाडीत खोल्या बांधल्या. मुंबईचा पाहुणा शनिवारी मांडव्याला बोटीतून उतरतो, आमच्याकडे येऊन मासे खातो, आणि रविवारी उन्हाने लालबुंद होऊन परत जातो. या सगळ्या कारभाराचे मॅनेजर म्हणजे आमचे हे.

आधी टेम्पो चालवायचे. गुडघ्यांनी दगा दिला, टेम्पो विकावा लागला, आणि माणूस ओटीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायला लागला. ते बघणं मी बघितलंय. शेवटी वयनींनीच हाक मारली, "दत्ताभावजी, माज्या खोल्या सांभाला." त्या दिवसापासून हे इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. माळी, पाहुणे, गॅसवाला, सगळे यांना 'मॅनेजर' म्हणतात. मी 'अहो' म्हटलं तर ऐकू येत नाही, 'मॅनेजर' म्हटलं की मान वळते. म्हणजे ती नुसती नोकरी नव्हती, समजलं ना? ती गेली असती तर परत ती ओटी आणि परत ती भिंत.

आता मी काही कान लावून ऐकणारी बाई नाही. पण आमच्या दोन घरांच्या मधे जास्वंदीचं कुंपण आहे, आणि जास्वंदीतून आवाज येतो. त्याला मी काय करू? त्या दुपारी मी कुंपणाशी पडलेल्या सुपाऱ्या वेचत होते. म्हणजे वेचून झाल्या होत्या, पण एखादी राहिली असेल म्हणून परत बघत होते. पलीकडे वयनींची सून शामल पायरीवर बसून फोनवर बोलत होती. पनवेलची मुलगी, शिकलेली, एरवी काकी काकी करून जीव टाकते.

"अगं, मॅनेजर आहे ना आमचा, पण अगदीच साधा. काही म्हणजे काही येत नाही त्याला."

मी खाली वाकले होते ती तशीच राहिले.

"नाही गं, काढता येत नाही. तो आधीपासूनच आलाय. आणि आमच्या आईंना त्याचीच सवय. फुकटचा आहे म्हणून चालवून घेतोय."

फुकटचा? महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा माणूस फुकटचा? आणि सासूच्या वयाच्या माणसाला 'त्याला'?

"जरा जास्त काही दिलं की बसतो. मग हलतच नाही. जबरदस्तीने बंद करून परत उठवावा लागतो."

गुडघ्यांवर आली हो ती. माणसाच्या दुखण्यावर आली.

"तेच तेच परत आलं तरी ओळखत नाही. नावं बदलायची तर एकेक करत बसतो."

हे मात्र थोडं खरं आहे. यांना माणसं लक्षात राहत नाहीत. माझ्या सख्ख्या मावसभावाला यांनी दोनदा 'आपण कुठले?' म्हणून विचारलंय. पण घरातली गोष्ट अशी पनवेलला फोनवर सांगायची?

आणि मग तिने ते वाक्य उच्चारलं.

"आणि झिप तर त्याला उघडताच येत नाही. दरवेळी मलाच उघडून द्यावी लागते."

माझ्या ओच्यातल्या सुपाऱ्या सांडल्या. म्हणजे आता तुम्हाला कळलं असेल मला काय वाटलं. तुम्हाला काय वाटलं असतं? खरं सांगा.

पण शामलचं अजून संपलं नव्हतं. "म्हणून म्हटलं, चार चांगले प्लगिन लावते. बाहेरचे असले तरी चालतील, पण खात्रीचे हवेत. आणि चारच बास. उद्याच बसवून टाकते."

प्लगिन? आमच्या अख्ख्या नागावात प्लगिन नावाचं कोणी नाही. मी घरात येऊन पाणी प्याले आणि विचार केला. असलं आडनाव कुठे असणार? तर कोरलईला. तिकडे किल्ल्याखाली जुनी ख्रिस्ती वस्ती आहे, त्यांची आडनावं अशीच असतात, जीभ वळत नाही अशी. चार प्लगिन म्हणजे चार भाऊ असणार. यांच्या एकट्याच्या जागी चार तरणे प्लगिन आणून बसवणार, आणि आम्हाला कळू पण देणार नाही. याच वाडीत मी बाळंतपणात त्या शामलच्या डोक्याला तेल घातलंय हो.

संध्याकाळी हे आले. मी चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "तुमची झिप कोण उघडतं?"

"कसली झिप?"

"पँटची चेन हो."

त्यांनी आधी खाली बघितलं. "लागलेली आहे."

"लागलेली आहे ते दिसतंय मला. अडकते का?"

"करड्या पँटची अडकते. तूच मेणबत्ती घासून दिलीस ना परवा."

"मग तिकडे कामावर अडकली तर काय करता?"

"शर्ट बाहेर काढतो."

बघा. इतक्या भोळेपणाने म्हणाले, की खरं बोलताहेत की खोटं तेच कळेना. मी म्हटलं, "शामलला सांगता का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "सुमन, तुला ऊन लागलंय," म्हणाले, आणि टीव्ही लावला.

तो टीव्ही लावला ना, तिथे माझं डोकं फिरलं. बाई रागाने फणफणतेय आणि हा माणूस बातम्या बघतोय.

सकाळी यमुना आली, बोंबलाची पाटी घेऊन. मी कोणाला सांगितलं नाही. फक्त यमुनाला सांगितलं. तेसुद्धा मुद्दाम नाही, मला एक चौकशी करायची होती.

"यमुने, तू रेवदंड्याच्या बाजारात बसतेस. पलीकडे कोरलईत प्लगिन म्हणून कोणी आहेत का?"

"असतील गो. तिकडं काय बी आडनावं असतात. का, पोरीसाठी बघतंस?"

"पोरीसाठी कशाला? नवऱ्याच्या पोटावर आलेत ते." आणि मग एकदा तोंड उघडलं की बाकीचं आपोआप बाहेर आलं. झिपसकट.

यमुनाने पाटी डोक्यावर घेतली. बोंबील घ्यायला पण लावले नाहीत मला. इतकी घाई तिला मी कधी बघितली नव्हती.

त्यानंतर मी साडी बदलली, खुंटीवरचा वाडीच्या चाव्यांचा जुडगा घेतला आणि कुंपणातून न जाता रस्त्याने, पुढच्या दाराने गेले. भांडायला पुढच्या दारानेच जावं. पडवीत पुण्याचे पाहुणे घावन खात बसले होते, नवरा, बायको आणि तिची आई. वयनी चहा ओतत होत्या. मी जुडगा टेबलावर आपटला.

"ह्या तुमच्या चाव्या. आमचे हे आजपासून येणार नाहीत."

"काय झालं गो? भावजी बरं हायत ना?"

"बरे नाहीत म्हणून तर प्लगिन आणताय ना? आणा. कोरलईचे चारही भाऊ आणा. आमचा फुकटचा माणूस आम्ही घरी ठेवतो."

वयनींनी शामलकडे बघितलं. "कनचं पलगिन गो हे?"

"आणि वयनी, तुमच्या सुनेला सांगून ठेवा. माझ्या नवऱ्याच्या झिपला परत हात लावायचा नाही."

पुण्याच्या आजींनी घावन ताटात ठेवलं. जावयाने खुर्ची जरा आमच्याकडे वळवली. वयनी हातात किटली घेऊन तशाच खाली टेकल्या, आणि शामलचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"काकी," ती म्हणाली, "तुम्ही काल दुपारी कुंपणाजवळ होतात?"

"सुपाऱ्या वेचत होते."

"सुपाऱ्या तर परवाच काडून नेल्या आमी," वयनी म्हणाल्या. अशा वेळी यांना बरोबर सुपाऱ्या आठवतात.

शामलने माझा हात धरला आणि आत टेबलावरच्या कॉम्प्युटरसमोर नेऊन बसवलं. पाठोपाठ वयनी आल्या. पाहुणे दारापर्यंत आले.

"हा मॅनेजर," ती म्हणाली.

"कुठाय?"

"हा. फाईल मॅनेजर म्हणतात याला. कॉम्प्युटरमधलं सगळं सामान ठेवायचं, काढायचं, हलवायचं, ते यातून. कॉम्प्युटरबरोबरच येतो, फुकट असतो. आईंना याच्यातच नातवाचे फोटो बघायची सवय आहे."

"आणि झिप?"

"पाहुणे आपल्या वाडीचे फोटो पाठवतात ना, ते एका गाठोड्यात बांधून पाठवतात. त्या गाठोड्याला झिप म्हणतात. हा साधा मॅनेजर ते सोडत नाही. मलाच सोडून द्यावं लागतं."

आता मला सांगा, कपाटाला मॅनेजर म्हणायचं कोणी ठरवलं? गाठोड्याला झिप? आमच्या घरात गाठोडी काय कमी आहेत? गाठोडं म्हटलं असतं तर माझा काय संसार पणाला लागला असता का? ही शिकलेली माणसं वाटेल त्याला वाटेल ते नाव देणार, आणि आम्ही ऐकलं की आम्ही चोंबड्या.

"आणि ते प्लगिन?" मी जरा हळू विचारलं.

प्लगिन म्हणजे म्हणे मॅनेजरला जोडायची जादा कामं. तिने दाखवली. एक जागच्या जागी गाठोडं सोडणारं. एक सगळ्या फोटोंना एकदम नावं देणारं. एक तोच फोटो परत आलेला असला तर पकडणारं. आणि एक फोटो लहान करणारं, कारण बुकिंगवाल्यांना मोठे फोटो चालत नाहीत. रागात होते तरी मला ते बघावंसं वाटलं. खाली आणखी बरीच यादी होती. एकात फोटो ठेवायच्या खणांना रंग देता येत होते, गुलाबी, पोपटी.

"हा रंगाचा घे की."

"तो नुसता शोभेचा, काकी. रोजच्या कामाचा असेल तोच घ्यायचा. असं दिसेल ते लादत गेलं की मॅनेजर बसतो."

"मी कुठे बसलोय?" दारातून आवाज आला. आमचे हे, हातात पाना, शर्ट ओला. "मागचा नळ करतोय मी सकाळपासून."

मग जे हसले सगळे. पुण्याच्या आजी तर डोळे पुसत होत्या. हसले नाहीत ते फक्त हे. वयनींनी सगळं सांगितलं, आणि चाव्या पुढे केल्या. "घ्या भावजी. बाई मानूस हाय, चुकलं तिचं."

यांनी चाव्या घेतल्या नाहीत. मला विचारलं, "आणखी कोणाला सांगितलंस?"

मी यमुनाचं नाव घेतलं. सगळ्यांचं हसणं तिथल्या तिथे थांबलं. शामलने पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात केला.

"वयनी," हे म्हणाले, "पोर तुमची सून आहे. माझ्या मुलीसारखी. गावात तिचं नाव माझ्याबरोबर निघालं असेल, तर मी या वाडीत परत पाऊल ठेवणार नाही. बघून येतो." आणि सायकल काढून यमुना गेली त्या वाटेने गेले.

मी घरी येऊन बसले. जेवले नाही. ओटीवर बसले तर समोर तीच भिंत. म्हटलं, सुमन, आता उद्यापासून दोघं मिळून हीच बघायची. शामल हाकेच्या अंतरावर होती, पण हाक मारायला तोंड कुठे होतं?

उन्हं उतरल्यावर सायकल वाजली. हे आत आले, खिशातून चाव्या काढल्या आणि खुंटीला लावल्या.

"घेतल्यात?"

"घेतल्या."

"म्हणजे यमुना बोलली नाही कोणाला." माझा जीव भांड्यात पडला.

"बोलली नाही? एक घर सोडलं नाही तिने. बोंबील राहिले पाटीत, पण हे सगळीकडे पोचलं."

"मग हो?"

"मग काही नाही. ज्याच्या त्याच्या घरी मी विचारलं. सगळीकडे एकच. यमुना सांगायला लागली, तर लोकांनी विचारलं, तुला कोण म्हणालं? ती म्हणाली, सुमनकाकी. झालं. लोक म्हणाले, ते असू दे, बोंबील कसे दिलेस ते सांग."

आणि मग हा माणूस हसला. सकाळपासून हसला नव्हता तो सगळा हसून घेतला.

आता तुम्हीच सांगा, राग येईल की नाही? नोकरी राहिली, पोरीच्या नावाला धक्का लागला नाही, चांगलंच झालं, मी कुठे नाही म्हणते? पण इतकी वर्षं या आळीतली एकेक खबर मी घरोघर पोचवतेय, आणि एका माणसाने, एका तरी माणसाने विश्वास ठेवू नये?

तर एवढं करा. हे कुठे सांगायची वेळ आली तर बेलाशक सांगा, पण माझ्याकडून ऐकलं म्हणून सांगू नका. उगाच कोणी खरं मानायचं नाही.