अडकलेली येळवस

माझ्या आईच्या, सत्यभामेच्या, आयुष्यात जे काही बरंवाईट घडलं ते मार्गशीर्ष अमावास्येच्या आसपासच, म्हणजे आमच्याकडच्या येळवशीला. वर्षातल्या बाकीच्या तिथ्यांना आमच्या घराचा पत्ता सापडला नसावा.

सास्तूरच्या भागात येळवस दिवाळीहून मोठी. सगळं गाव रानात. ज्वारीत कडब्याची कोपी, तिच्यात चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडकं भरून आंबील. निजामाच्या अमलात सरकारी शिपायाचा सगळ्यांना धाक, पण तोही त्या दिवशी कुणाच्या तरी कोपीत जेवून सुस्त पडलेला असायचा. आमचं घर तेवढं गावात. माझ्या वडलांचे थोरले भाऊ दगडोबा यांनी एका येळवशीला सकाळीच कडब्यात हात घातला आणि आत साप निघाला. दुपारच्या आत ते गेले, आणि आमची येळवस अडकली. ज्या सणाला घरात मरण घडलं तो सण करायचा नाही. त्याच तिथीला घरात मूल किंवा गोठ्यात वासरू जन्मलं, तरच सण सुटतो. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही. ज्यानं केला त्याला स्वतःला बाळंत व्हायचं नव्हतं, एवढं नक्की.

पुढच्याच उन्हाळ्यात आई या घरात सून म्हणून आली आणि सण सोडवायचं काम तिच्या गळ्यात पडलं. आजीचं नाव हरणाबाई. आईला दिवस गेले की आजी बोटांवर महिने मोजायची. पहिली मुलगी येळवशीच्या आदल्या दिवशी झाली. आजीनं तिचं नाव कडूबाई ठेवलं आणि बाळंतिणीच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. दुसरी कोंडाबाई, ती येळवस उलटून गेल्यावर आली. एका वर्षी गायही पौर्णिमेलाच व्याली, तर तिलाही शिव्या बसल्या. दर येळवशीला आई दार लोटून घरात बसायची. शेजारच्या शरणम्मा रानात जाता जाता आंबिलीचा तांब्या देऊन जायच्या आणि माझ्या बहिणी दाराच्या फटीतून रिकामी गल्ली बघत राहायच्या.

"लई कंटाळले होते रे," आई पुढं मला सांगायची. "घरात बसायला न्हाय. त्या बोटं मोजण्याला."

तिसऱ्या खेपेला मी झालो, आणि तो नेमका येळवशीला. साल रझाकारांचं. भीतीनं त्या वर्षी कुणी रानात गेलंच नाही, कुणी कोपी घातली नाही. आमचा सण सुटला तो असा. आजी मला मांडीवर घेऊन "माझा दगडू आला" म्हणत दिवसभर रडली. आईला कुणी पाणी विचारलं नाही.

पुढच्या भादव्यात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं आणि येळवशीला सारं गाव रानात लोटलं. आजी तेव्हा अंथरुणाला खिळली होती.

"आमुशा सरूस्तवर म्या मरत न्हाय," तिनं ठणकावलं. "मला गाडीत घाला."

घातलं. दुपारी पूजा झाली. वडील, उत्तरेश्वर, "ओलगे, ओलगे" म्हणत पिकावर आंबील शिंपडायला निघाले. मागं पोरी नाचत होत्या. कोपीत आई आजीला वाटीनं आंबील पाजत होती. आजीनं दोन घोट गिळले. तिसरा ओठांवरून खाली आला.

आई वाटी धरून तशीच बसली. एक हाक मारली असती की येळवस पुन्हा अडकली असती. पुन्हा ते दार लोटणं, पुन्हा ती बोटं. आधी तिच्याच पोटावर, मग पुढं येणाऱ्या सुनांच्या. तिनं आजीचे ओठ पुसले, डोळे मिटले, गळ्यापर्यंत घोंगडी ओढली आणि मला शेजारी निजवून ती वाढायला बाहेर गेली.

जेवायला आलेल्या शरणम्मांनी आजीचं विचारलं, "अत्याबाई जेवल्या का ग?"

"जेवल्या. आत्ताच डोळा लागलाय."

तिनं दोन उंडे स्वतःही खाल्ले, कारण खाल्लं नसतं तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

दिवस कलल्यावर वडील आजीला उचलायला कोपीत वाकले. हात लागताच थांबले. आईकडं बघितलं. आईनं मान खाली घातली.

"गाडीत नीट धर तिला," एवढंच ते म्हणाले. त्यावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर आईनं शरणम्मांना हाक मारली. बायका जमल्या. म्हातारी नशिबाची, सण गोड करून गेली, असं सगळ्या म्हणाल्या. पण आईला रडू येईना. ती चुलीसारखी विझून कोपऱ्यात बसली होती.

"सासू मेली तरी डोळ्याला पदर न्हाय हिच्या," कुणीतरी कुजबुजलं.

तेवढ्यात कडूबाई तिच्याजवळ आली. तिच्या फ्रॉकला कालची भज्जी वाळून चिकटली होती. तिनं हळूच विचारलं, "आये, आता आपली येळवस पुन्यांदा बंद का ग?"

"न्हाय ग," आई म्हणाली, "न्हाय," आणि मग जी रडायला लागली ती आजीची माती होईपर्यंत थांबली नाही.