उणे आलेलं एक घर

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला नाही, आणि ज्या पोरींना इतकी वर्षं शिकवलं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही सुशीलाला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी थोडी बढाई मारू द्या. नागपुरात लोक कॉम्प्युटर हा शब्द नुसता पेपरात वाचायचे, तेव्हा मी प्रोग्राम लिहीत होते! ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. इंग्रजी मी भावाच्या जुन्या पुस्तकांवरून घरच्या घरी शिकलेली, टायपिंग शेजारच्या काकांच्या मशीनवर. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा पहिलावहिला वर्ग निघाला, तर नाव घालायला सगळ्यात पुढे मीच. पोरी आम्ही दोघीच — मी आणि कोराडीहून बसनं येणारी सुशीला. तिचे वडील तिथल्या वीजकेंद्रात फिटर.

कॉलेजात कॉम्प्युटर नव्हताच, बरं का. हसू नका. प्रोग्रामची एकेक ओळ एकेका जाड कार्डावर भोकं पाडून उमटवायची, गठ्ठा बांधायचा, आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मशीन होतं तिथे पोचवायचा. उत्तर छापून यायचं दुसऱ्या दिवशी. गठ्ठे सायकलवर नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे — मी मागूनच घेतलं होतं, तेवढाच रुबाब! कार्डांचा क्रम बिघडला की उत्तर बिघडलं. म्हणून सुशीला गठ्ठा नीट जुळवून त्याच्या वरच्या कडेवर निळ्या पेन्सिलीनं तिरपी रेघ ओढायची. एखादं कार्ड जागचं हललं, की रेघ तिथे तुटलेली दिसते. तिच्याच डोक्यातून निघालं होतं ते.

शेवटच्या परीक्षेत ज्याचा प्रोग्राम सगळ्यात चांगला, त्याला पुढच्या वर्गाला शिकवायला ठेवणार, असं सरांनी सांगून टाकलं. जागा एकच. मशीनवर पाळीही प्रत्येकाला एकच. सुशीलानं विषय म्हणून तिच्या कॉलनीतली वीज घेतली — दर घरामागे दोन कार्डं, आधी मागच्या महिन्याचं रीडिंग, मग या महिन्याचं. वजाबाकी करून कुणी किती वीज जाळली ते प्रोग्राम सांगणार. माझ्यापेक्षा सुरेख होता तो. मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

परीक्षेचे गठ्ठे नेताना वाटेत वळणावर माझी सायकल घसरली. माझा आणि सुशीलाचा, दोन गठ्ठे सुटले, रस्ताभर कार्डं. माझी मी जमवली, पुन्हा पुन्हा तपासली. तिचीही लावली — आणि रेघ बघितली. मधे एका जागी तुटलेली होती. एका घराची दोन कार्डं पुढेमागे झालेली. बोटानं बदलायची होती, बस. उशीर झाला होता? नाही. दिसलं नाही? दिसलं की! — मी रबर चढवलं आणि पॅडल मारलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या कागदावर सगळी घरं बरोबर आणि एका घराचा आकडा उणे.

"हे घर वीज जाळून नाही राहिलं, बनवून राहिलं!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. "सुशीले, कोराडीत घरोघरी बॉयलर आहे काय वं?"

वर्ग हसला. ती हसली नाही. तिनं परत आलेला गठ्ठा घेतला, रेघ बघितली. रेघ अखंड होती — कारण आणताना ती दोन कार्डं मीच जागेवर लावली होती. ऐकताय ना? पडणं हा अपघात होता. हे नव्हतं.

सायकल स्टँडवर तिनं मला गाठलं.

"रस्त्यात काही झालं होतं काय वं? गठ्ठा पडला-बिडला?"

"नाही वं," मी म्हटलं. "कायले पडंल?"

"मग माह्यंच डोकं कमी पडून राहिलं."

सरांनाही तिच्या प्रोग्राममध्ये चूक सापडली नाही. पण मशीन कशाला चुकेल, म्हणाले. जागा मला मिळाली. सुशीला बरेच दिवस ती चूक शोधत होती — नसलेली चूक — आणि मग कॉम्प्युटरच्या वर्गाला यायची थांबली. पुढे कॉलनीत शिवणाचे क्लास घ्यायची, असं ऐकलं.

मी मात्र शिकवलं, रिटायर होईपर्यंत. झकास शिकवलं — हे मी मान खाली घालून सांगणार नाही. बँकांत, कारखान्यांत, पार परदेशात माझ्या पोरी आहेत, अजून फोन करतात. कार्डं होती तोवर दर वर्षी पहिल्या दिवशी त्यांना तिरपी रेघ शिकवायची. "मॅडम, कोणी शोधलं हे?" असं विचारायच्या. मी नुसती हसायची. त्यांना वाटायचं, मॅडमनीच. वाटू दिलं.

माझा प्रोग्राम पहिल्याच खेपेला चालला, हे मी घरीदारी सगळ्यांना ऐकवलंय. खरंच आहे ते. चालला होता.

सुशीलाचाही चालला होता.