अमोलचा ताप

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आईला तर नाहीच — आईनं आधी कानाखाली ओढली असती आणि मग ऐकून घेतलं असतं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा एकीला सांगितलं. तिला सांगून झालं, म्हणून आता तुम्हाला सांगायचा धीर होतोय. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, हे एका अर्थी बरंच आहे. उद्या भाजी मंडईत समोर आलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही.

तशी गोष्ट एका सहलीची. सहल कसली — कँपिंग! हा शब्द तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही शिवाजी पेठेत राहायचो, अजूनही तिथंच आहोत, आणि चार घरं सोडून दत्ता भावजी आणि त्यांची बायको सुनीता. आमचे हे आणि दत्ता भावजी एकाच तालमीच्या फुटबॉल संघातून खेळलेले; आमच्याकडं तालमींचेच संघ असतात. गुडघे गेले तरी गप्पा मैदानातल्याच. तर ह्यांनी टीव्हीवर कुठल्याशा गोऱ्या लोकांना नदीकाठी तंबूत राहताना बघितलं आणि डोक्यात घेतलं की आपणही पोराबाळांना घेऊन जायचं. शाळेतल्या स्काउटच्या मास्तरांकडून तंबू आणला. त्याला खुंट्या कमी आणि भोकं जास्त. जागा ठरली शाहूवाडीकडं, दत्ता भावजींच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मामांचं शेत, धरणाच्या पाण्याला लागून. दिवाळीची सुट्टी होती, भात कापून झालेलं. दोन रात्री राहायचं ठरलं. आमचा अमोल पाच वर्षांचा, त्यांची पिंकी सात. मटण करायचा मान पुरुषांचा — घरी हा मान ते कधी घेत नाहीत, बाहेर गेल्यावरच त्यांना आठवतो.

अमोलबद्दल आधी सांगायला हवं. अमोल म्हणजे माझं शेपूट. मी मोरीत गेले तरी दाराशी उभा. आजीकडं जायचा नाही, बापाकडं झोपायचा नाही, माझ्याशिवाय कुणाच्या हातचा घास खायचा नाही. मी गल्लीभर तक्रार करत फिरायची, "काय सांगू, जरा म्हणून सोडत नाही मला." तक्रार होती का ती? खरं सांगू? मिरवणं होतं. माझ्याकडं दुसरं होतं काय मिरवायला!

आणि सुनीताकडं होतं. तिचं माहेर जयसिंगपूरच्या पलीकडं, नदीकाठचं गाव. पाठीला डबा बांधून ती लहानपणीच पोहायला शिकलेली, पुरात म्हशींच्या मागं उड्या टाकणारी पोरगी. लग्न होऊन पेठेत आली आणि सगळं बंद झालं. पण त्या वर्षी एक नवल घडलं होतं. आपल्या गावातल्या पोहण्याच्या तलावावर येत्या उन्हाळ्यात बारक्या पोरांना शिकवायला बाई पाहिजे होती, आणि कुणीतरी तिचं नाव सुचवलं होतं. दत्ता भावजींनी आढेवेढे घेतले, मग हो म्हणाले. जाताना जीपमध्ये ती दुसरं काही बोलतच नव्हती. "लग्न झाल्यापासनं पाण्याला पाय लागला न्हाय बघा, वैनी. आता रोज सकाळी जायचं! स्वप्नात पण तळंच दिसतंय मला." मी तिला म्हटलं, किती छान. म्हटलं खरं, पण मनात कुठंतरी खुट्ट झालंच.

बघा, सांगते सांगते म्हणतेय आणि अजून तंबूच ठोकतेय. मूळ मुद्द्यावर यायला जीभ रेटत नाही, दुसरं काय.

दुपारी ऊन चांगलं तापल्यावर सुनीतानं साडीचा काचा मारला. गोडेतेलाचा रिकामा डबा घट्ट झाकण लावून पिंकीच्या पाठीला तंबूच्या दोरीनं बांधला आणि तिला घेऊन ती काठाजवळच्या उथळ पाण्यात उतरली. अमोल माझा पदर धरून बघत होता. मग त्यानं पदर सोडला. मी म्हटलं, आत्ता परत येईल. तो चड्डीवर पाण्यात गेला, सुनीतानं डबा त्याच्या पाठीला बांधला, पोटाखाली हात धरला, आणि माझं पोरगं — पावसात छत्रीखालीसुद्धा रडणारं — पाय मारायला लागलं! "काकी, अजून! काकी, सोड मला, सोड!" मी काठावर टॉवेल घेऊन उभी. अर्धा तास. त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

बाहेर आल्यावर मी टॉवेल पुढं केला. तो माझ्या शेजारून धावत सुनीताकडं गेला. तिनं पदरानं त्याचं डोकं पुसलं. जेवताना तिच्या मांडीवर बसून तिच्या हातून अख्खी भाकरी खाल्ली, पांढरा रस्सा वाटीला तोंड लावून प्याला. मग सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, "मी काकीजवळ झोपणार." सगळे हसले. हे म्हणाले, "चला, तुझी सुट्टी झाली की आता!" चेष्टेतच म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मला ते वाक्य असं लागलं की मी ताट बाजूला सारलं.

एवढ्याशा गोष्टीवरून? — असं तुम्ही म्हणाल. हो, एवढ्याशाच.

संध्याकाळ झाली. मंडळी चुलीभोवती चहा घेत होती. अमोल दमून तंबूत आडवा झालेला, अंगावर गोधडी. मी औषधांच्या पिशवीतला थर्मामीटर काढला आणि त्याच्या काखेत लावला. का लावला? त्याला काही होत होतं म्हणून नाही. ताप असावा म्हणून लावला. आई असून मी मनात म्हणत होते, असू दे ताप, थोडा तरी असू दे. नव्हता. पोरगं गाढ झोपलेलं, अंग अगदी नेहमीसारखं. माझ्या हातात अर्धा पेला चहा होता.

थर्मामीटर मी त्या चहात बुडवला.

पारा सर्रकन इतका वर गेला की मीच घाबरले. तेवढा ताप दाखवला असता तर कुणाचा विश्वास बसला नसता. म्हणून झटकून झटकून एकशे दोनवर आणला, पदरानं पुसला, आणि हाक मारली, "अहो, इकडं या जरा. अमोलला ताप भरलाय."

पुढचं सगळं आपोआप झालं. ह्यांनी कंदिलाजवळ नेऊन आकडा वाचला. दत्ता भावजींनी गोधडीत हात घालून बघितलं आणि म्हणाले, "आयला, तव्यागत तापलाय की!" गोधडीत गुरफटलेलं पोर गरम लागणारच. पण एकदा आकडा ऐकल्यावर कोण विचार करतो? मग ते सुनीताकडं वळले. आमच्या सगळ्यांसमोर, पिंकीसमोर. "अक्कल हाय का न्हाय तुला? असल्या गार पाण्यात घातलंस पोराला! दुसऱ्याचं पोरगं हाय ते, काय झालं म्हंजे?" सुनीता अंथरुणं गुंडाळायला लागली.

मी तेव्हा बोलू शकले असते. एवढंच म्हणायचं होतं, अहो थांबा, पुन्हा लावून बघते. तेवढ्यानंसुद्धा भागलं असतं. मी थर्मामीटर पुसून पिशवीत ठेवून दिला.

अर्ध्या तासात तंबू उतरवला. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मटणाचा टोप दत्ता भावजींच्या मांडीवर, रस्सा हिंदकळतोय. अमोल माझ्या मांडीवर झोपलेला. आणि मला किती सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! माझं पोरगं मला परत मिळालं होतं. शेजारी सुनीता ओली पट्टी पिळून पिळून त्याच्या कपाळावर ठेवत होती आणि सारखं विचारत होती, "कमी हाय का ओ, वैनी?" मी म्हणत होते, "बघू."

दुसऱ्या दिवशी हे हट्टानं डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, उतरलेला दिसतोय, तरी औषध द्या. ते औषध मी मोरीत ओतलं. अमोलला दोन दिवस अंथरुणात डांबून ठेवलं. तो उड्या मारायला बघायचा आणि मी दटावायची. सुनीता पेज घेऊन यायची. दारातच थांबायची, आत यायची नाही. अमोल "काकी!" म्हणून धावला तर दोन पावलं मागं सरकायची. लांबूनच बघून निघून जायची.

उन्हाळा आला. गल्लीतली पोरं टॉवेल काखेत मारून तलावावर जायला लागली. सुनीता गेली नाही. दत्ता भावजींनी विषयच संपवला होता, "एकाला आजारी पाडलंस, आता गावाची पोरं घेणार व्हय?" पण त्यांनी नाही म्हटलं नसतं तरी ती गेली नसती, हे मला दिसत होतं. कुणी विचारलं तर ती स्वतःच सांगायची, "नको गं बाई, माझ्या हातनं ह्यांच्या पोराला लई ताप भरलता." माझ्यासमोर सांगायची. आणि मी मान हलवायची! त्यानंतर अमोलला खराखुरा ताप यायचा तेव्हा माझा जीव अर्धा व्हायचा. वाटायचं, आपण खोटा मागून घेतला, आता खरा आला. आणि अमोलचं काय झालं? "ह्याला पाणी सोसत नाही" हे आमच्या घरात कायमचं ठरून गेलं. पोहायचं नाव काढलं की सगळे नाही म्हणायचे. मी सगळ्यात मोठ्यानं.

वर्षं गेली. अमोल बारावी झाला, मिसरूड फुटलं. मित्रांबरोबर कोकणात समुद्रावर जायचं ठरवून बसला. गेल्या महिन्यात दुपारी मी पायरीवर मेथी निवडत होते, तेव्हा सुनीता आली. उभ्या उभ्या म्हणाली, "वैनी, त्याला पाठवताय ते पाठवा, पण पाण्यात जाऊ नको म्हणावं. त्या वक्ताला माझ्यामुळं एवढं झालं, मला अजून झोपेत दिसतंय ते."

अजून झोपेत. एवढ्या वर्षांनी.

मी सांगून टाकलं. मेथीकडं बघत, एका दमात — चहा, थर्मामीटर, झटकून आणलेला आकडा, सगळं. का केलं तेही सांगितलं. माफी मागितली नाही. मागितली असती तर द्यायची की नाही याचं ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर.

ती म्हणाली, "म्हंजे ताप न्हवताच त्याला?"

"नव्हता."

"हुडहुडी, कणकण, काय सुद्दिक न्हाय?"

"काही नाही."

ती मटकन पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "पोराला काय झालंच न्हवतं," ती स्वतःशीच पुन्हा पुन्हा म्हणत होती. बघा, तिला आधी हे आठवलं. मी तिचं काय घेतलं ते नंतर आठवलं असणार, कारण हसू थांबलं, आणि तिनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी कुणाला सांगणार नाही. मग उठली, साडी झटकली आणि म्हणाली, "उद्या सकाळी त्याला तयार ठेवा. पोहायला येत न्हाय आणि समुद्रावर निघालाय."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. रोज सकाळी आमच्या दारासमोर रस्त्यावरून हाक मारते, "अमोल, चल रे." पायरी चढत नाही. मी बोलावतही नाही. ते तिचं बरोबर आहे. ह्यांना अजून काही ठाऊक नाही, अमोलला वाटतं आई एकदाची मऊ पडली. त्या दोघांनाही सांगायचं आहे, ते अजून झालेलं नाही. पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालंय, हे नाकारत नाही. रात्री पडल्या पडल्या झोप लागते. असं हलकं वाटायचा मला हक्क आहे का, माहीत नाही. वाटतंय खरं.

काल अमोल ओल्या केसांनी घरात शिरला आणि चपला काढता काढता म्हणाला, "आई, आज काकीपण उतरली पाण्यात. ह्या टोकापासनं त्या टोकाला गेली, परत आली, परत गेली. वर यायलाच तयार नव्हती."