रुमैथियाचा बाळकृष्ण

विमानातून खाली पाहिलं तर कुणीतरी बेसनाची परात पालथी घातल्यासारखं कुवेत दिसलं. जानेवारीत तिथं थंडी असते, असं मेहुण्यांनी, शिरीषरावांनी फोनवर बजावून सांगितलं होतं. पण वाळवंटात थंडी ही मला त्यांची नेहमीची थट्टा वाटली आणि मी नाशिकहून सुती शर्ट घेऊन निघालो. विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं आणि दात वाजायला लागले. त्यातले पुढचे दोन नकली आहेत, त्यामुळे आवाज जरा वेगळाच येतो.

"दादा, सांगितलेलं कधी ऐकतोस का रे तू?" धाकट्या बहिणीनं, सुनंदानं वाकून नमस्कार करता करताच सुनावलं.

शिरीषराव तिथं पेट्रोकेमिकलमध्ये आहेत. मार्चमध्ये करार संपणार आणि मंडळी कायमची पुण्याला येणार. तेव्हा बहिणीचा तिथला संसार मोडायच्या आत एकदा पाहून घ्यावा, म्हणून ही स्वारी. पण बाईसाहेबांचं काहीतरी बिनसलं होतं. गाडी रुमैथियाच्या वळणावर आली तेव्हा वाफ बाहेर पडली.

"हॉल गेला, दादा."

त्यांच्या इमारतीला सरदाब (तळघरातला मोठा हॉल) आहे. मालक अबू फहद भाडेकरूंना तो कार्यक्रमाला देतात; जो आधी मागेल त्याचा. सुनंदाचं संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी रथसप्तमीच्या आधीच्या शुक्रवारी तिथंच व्हायचं. यंदा त्या शुक्रवारी तो खालच्या मजल्यावरच्या लुसियानं घेतला होता. लुसिया मेक्सिकोची.

"त्यांचा कसलासा सण आहे म्हणे. आम्ही आलो तेव्हा या भागात स्पॅनिश बोलणारं एक घर नव्हतं. आता जिना चढताना प्रत्येक पायरीवर 'ओला, ओला' असा नमस्कार करावा लागतो! माझं इथलं शेवटचं हळदीकुंकू, ते काय पार्किंगमध्ये करू?"

मी सहानुभूतीनं दात वाजवले.

पुढचे काही दिवस उसना स्वेटर घालून हिंडलो आणि सुनंदा म्हणत होती ते जागोजाग दिसत गेलं. कोपऱ्यावरच्या बकाल्यात (किराणा दुकानात) ज्वारीच्या आणि नाचणीच्या मधोमध मक्याच्या पिठाची पाकिटं थाटात बसली होती. गल्ल्यावर रत्नागिरीचे हसनभाई. म्हणाले, "पूर्वी हे पीठ कोण विचारीत नव्हता, भाऊ. आता ज्वारीच्या आधी संपतो. मी पण शिकलो ना, 'बुएनो, बुएनो'!" शिरीषरावांचे साहेब व्हेनेझुएलाचे निघाले, तेलाच्या विहिरींवर केस पांढरे केलेला माणूस. भाचीच्या, इराच्या शाळेत पालक समितीवर लुसिया निवडून आली होती आणि तिच्या खटपटीनं शाळेत स्पॅनिश सुरू झालं होतं. इरा आईला उत्तर द्यायची इंग्रजीत. अलीकडे भांडण मात्र स्पॅनिशमध्ये करायची, म्हणजे आईला उलट बोलता येऊ नये.

अशात लुसियाचं अख्ख्या जिन्याला घरी बोलावणं आलं, हॉलच्या त्या सणाआधीच्या एका छोट्या सणाचं. "मी नाही येणार तिच्याकडे," सुनंदा म्हणाली. मी गेलो. फुकटच्या खाण्याशी माझं कधीच भांडण नसतं.

घरभर गाणी, हसणं, मिठ्या. मधल्या टेबलावर गाडीच्या टायरएवढा गोल पाव, वर रंगीत सुकवलेली फळं. लुसियानं मला चांगला जाड तुकडा कापून दिला. पहिल्या घासाला कट्‌! नकली दात हलला. जिभेनं चाचपलं तर काहीतरी कडक. रुमालात घेऊन हळूच पाहिलं तर प्लास्टिकचं, करंगळीच्या पेराएवढं बाळ.

आता पाहा, आपल्याकडे पाहुण्यानं आमटीतला केससुद्धा मुकाट्यानं ताटाच्या कडेला लावायचा असतो. बिचारीच्या पिठात कुणा पोराचं खेळणं पडलं असणार, चारचौघांत तिची शोभा कशाला? मी रुमालाची घडी खिशात घातली. तेवढ्यात लुसिया उभी राहिली आणि सगळ्यांकडे पाहत स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली. खोली एकदम चिडीचूप. अर्थ विचारावा तर शिरीषराव साहेबांबरोबर गच्चीत, इरा मैत्रिणींत आतल्या खोलीत. मला वाटलं आभाराचं भाषण संपलं, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

घरी येऊन बाळ धुतलं. गोंडस चेहरा, पसरलेले हात. हे कचऱ्यात कसं टाकायचं? माझा हात होईना. शेवटी सुनंदाच्या देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेशेजारी ठेवून दिलं.

"हा बाळकृष्ण नाशिकचा का रे?" दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं.

"हं," मी म्हणालो. हो की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, असा तो हुंकार होता.

संक्रांत आली. सुनंदानं हौसेनं हलव्याचे दागिने केले आणि त्या बाळालाही चिमुकला मुकुट, हार घातला. रुसवा बाजूला ठेवून साऱ्या जिन्यात तिळगूळ वाटला. लुसियाकडे मात्र इराच्या हातून पाठवला.

त्याचा डबा परत करायला लुसिया वर आली. दार उघडलं की समोरच देव्हारा. तिचं लक्ष गेलं आणि ती ओरडलीच, "मी नीन्यो!" (माझं बाळ!)

"ओह नो, मामा!" इरा कपाळावर हात मारून म्हणाली. "ते बाळ मुद्दाम पावात घालतात! ज्याला सापडतं त्यानं पुढच्या सणाला, म्हणजे हॉल घेतलाय त्या शुक्रवारी, सगळ्यांना जेवायला घालायचं असतं! ते सापडेना म्हणून यजमानच ठरेना, आणि बिचाऱ्या साहेबांना सगळे विचारतायत, तुम्ही गिळलं का म्हणून!"

जमीन दुभंगली असती तर मी सरदाबात पडलो असतो. आमटीतल्या केसाचं सगळं सांगितलं. पण लुसियाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती हलव्याच्या मुकुटाकडे पाहत होती.

"आमच्या गावी त्या सणाला माझी आई बाळाला नवे कपडे शिवते," ती हळू म्हणाली आणि इरा मराठीत सांगत गेली. "इथं आल्यापासून माझ्याकडून झालंच नाही. हे कुणी केलं?"

"मी," सुनंदा म्हणाली.

मग सुनंदानं पदर खोचला. हे लक्षण मी लहानपणापासून ओळखतो. "इरा, विचार तिला. बाळ माझ्या दादाला सापडलं म्हणजे त्या दिवशीचे यजमान आम्ही ना?"

लुसियानं मान डोलावली.

"आणि हॉल यजमानांचा ना?"

लुसिया आधी बघतच राहिली, मग इतकी हसली की डबा तिच्या हातून सुटला.

त्या शुक्रवारी सरदाबात केळीच्या पानांचा ढीग पडला होता. पानावर मक्याचं पीठ थापायचं, आत कोंबडी किंवा राजमा, पुडी बांधून वाफवायची. "अगं, ही तर पानगी!" सुनंदा म्हणाली आणि लुसियाला बाजूला सारून भराभर पुड्या बांधायला लागली. मला शिक्षा म्हणून दोऱ्याच्या गाठी मारायला बसवलं. माझ्या पुड्या वाफेत सुटल्या आणि भांड्याच्या तळाशी मक्याची खीर झाली. हसनभाईंनी तीही चापून खाल्ली.

मग हळदीकुंकू. बाळ ताम्हनात, मुकुट घालून मधोमध. स्पॅनिश बोलणाऱ्या बायका रांगेत, कपाळं पुढे करून. सगळ्यांत शेवटी लुसिया. सुनंदानं तिला कुंकू लावलं आणि चांदीचा करंडाच तिच्या हातात ठेवला.

"पुढच्या वर्षी तू लाव."

"कुणाला?" लुसियानं विचारलं.

"जिन्यात भेटेल तिला," सुनंदा म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "वाफ केवढी आहे इथं!" चूल तर कधीच बंद झाली होती.

परत निघताना लुसियानं माझ्या शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं काहीतरी घातलं. मिठाई असेल म्हणून मी ती बायकोच्या नजरेआड, एकट्यानं खायला जपून ठेवली. नाशिकला घरी शर्ट धुवायला टाकताना बायकोच्याच हाती ते लागलं. मुकुटाचा हलवा निम्मा झडलेला, पसरलेले हात तसेच.

मी सगळी हकीकत सांगितली. तिनं बाळ धुतलं, पुसलं आणि आमच्या बाळकृष्णाशेजारी ठेवलं.

"म्हणजे नियमाप्रमाणे आता जेवण आपल्याकडे," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावर ओडिशाचं नवं बिऱ्हाड आलंय. त्यांना सांगून या. आणि हे बघा, पुड्या मी बांधीन."